चीनच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला जायचंय? आधी तिथला एक दिवस कागदावर उतरवा

माझ्या ऑफर लेटरवर 'शीआन' लिहिलेलं होतं. म्हणून मी काय केलं, तर महिनाभर शीआन वाचून काढलं, टेराकोटाचे सैनिक, जुन्या शहराची तटबंदी, ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला बांधलेला पॅगोडा, सगळं पाठ. आणि सप्टेंबर २०२३ मधे प्रत्यक्षात उतरलो ते शहराच्या दक्षिणेला छांगआन भागातल्या नव्या कॅम्पसवर, जिथून ती तटबंदी बस आणि मेट्रो धरून सव्वा तास लांब, आणि रात्री ११ ला आमच्या बिल्डिंगचं दार बंद. पॅगोडा बघायला पाहुण्यासारखा रविवारी जायचो. दोन वर्षं मजेत गेली, तक्रार नाही, पण पहिले दोन महिने जे हाल झाले ते निव्वळ चुकीचा अभ्यास केल्यामुळे झाले. मी चीनचा अभ्यास केला होता, राहायचं होतं एका गेटच्या आत.

आता ओळखीतले कोणी ना कोणी विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

पहिलं काम: आजचा दिवस लिहून काढा

वही घ्या आणि काल दिवसभर काय केलं ते तासातासाने लिहा. सहाला उठलो, चहा, आंघोळीला गरम पाणी, डबा, गाडीला पेट्रोल, कॉलेज, दुपारी यूपीआयने कुणाला पैसे, संध्याकाळी भाजी, बीपीची गोळी, रात्री नऊला आईला व्हिडिओ कॉल. वीस-पंचवीस ओळी होतील. आता प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न: हे तिथं कसं होणार? ज्या ओळीसमोर उत्तर नाही ती शोधायची. बस्स, हाच सगळा रिसर्च.

उदाहरण म्हणून शेवटचीच ओळ बघा. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, अख्ख्या देशाला एकच घड्याळ. म्हणजे आईचा नऊचा कॉल तिथं रात्री साडेअकराला, आणि सकाळी आठचं लेक्चर असेल (असतंच) तर तुम्हाला झोपायला हवं. त्यात व्हॉट्सअ‍ॅप तिथं बंद. म्हणजे या एका ओळीतून घड्याळ, इंटरनेट, सिमकार्ड असे तीन विषय निघाले, आणि यातलं काहीच 'चीनमधले दहा आश्चर्यकारक पदार्थ' छाप व्हिडिओत सापडत नाही.

कॅम्पस नेमका कुठला

चीनमधे बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिट्यांना एक जुना कॅम्पस असतो शहरात, आणि एक किंवा दोन नवे, लांब. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहराबाहेर आख्खी युनिव्हर्सिटी गावंच वसवली. ग्वांगझोऊचं २००४ पासूनचं युनिव्हर्सिटी टाऊन तर नदीतल्या बेटावर आहे, नानजिंगचं शियानलिन, शांघायचं सोंगजियांग, हांगझोऊचं शियाशा, सगळी त्यातलीच. प्रसिद्धीला फोटो जुन्या कॅम्पसचा, झाडांचा आणि लाल विटांचा, आणि नोकरी नव्यावर.

म्हणून पहिल्या मेलमधेच विचारायचं: शिकवायचं कुठल्या 'शियाओछू'त, म्हणजे कॅम्पसमधे, आणि राहायचं कुठल्या? दोन्ही वेगळे निघू शकतात, मग स्टाफची बस किती वाजता सुटते ते विचारा. पत्ता चिनी लिपीत मागा. इंग्रजी पत्त्याने नकाशावर काहीही सापडतं.

नकाशावरून आठवलं, गुगल मॅपवर विसंबू नका. चीनचे नकाशे वेगळ्या, मुद्दाम सरकवलेल्या पद्धतीने काढतात, त्यामुळे गुगलचा सॅटेलाइट फोटो आणि त्यावरचे रस्ते एकमेकांपासून काही शे मीटर हललेले दिसतात. मी घरबसल्या हिशोब केला होता की बसस्टॉप गेटसमोरच आहे, निघाला तळ्याच्या पलीकडे. तिथले लोक वापरतात तो नकाशा म्हणजे 'गाओद', ब्राउझरमधे उघडून बघा. चिनी पत्ता चिकटवा आणि चार गोष्टी मोजा: गेटपासून मेट्रो, सुपरमार्केट, मोठं हॉस्पिटल, आणि रेल्वे स्टेशन किंवा विमानतळ.

घर

बहुतेक ठिकाणी परदेशी शिक्षकांना कॅम्पसवर फ्लॅट देतात, त्या बिल्डिंगला 'झुआनजिआलोऊ' म्हणतात, तज्ज्ञांची बिल्डिंग. नाव ऐकून हुरळून जाऊ नका. सामान आहे तेवढं बरं असतं, गादी मात्र आपल्या देवघरातल्या पाटासारखी.

फोटो मागू नका, व्हिडिओ मागा, नाहीतर कॉलवर कुणालातरी चालत चालत दाखवायला सांगा, आणि कॅमेरा स्वयंपाकघरात थांबवायला लावा. मला फोटोत 'किचन' दिसलं होतं, सिंक, कपाट, एक्झॉस्ट फॅन. गॅस कुठाय हे विचारायचं सुचलंच नाही. नव्हताच तो. इंडक्शन आणला, तर गीझर आणि इंडक्शन एकदम चालू केलं की मेन स्विच पडायचा, मग मी आधी आंघोळ उरकायचो आणि ओल्या केसांनीच डाळ शिजायला टाकायचो. प्लगसुद्धा वेगळे, व्होल्टेज जवळपास आपल्याइतकंच, २२०, पण आपली तीन गोल पिनांची वायर बसत नाही.

थंडीचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथं बहुतेक लोक फसतात. छिनलिंग डोंगररांग आणि हुआय नदी अशी एक रेघ आहे, तिच्या उत्तरेच्या शहरांत सरकारी सेंट्रल हीटिंग असतं, त्याला 'न्वानछी' म्हणतात, साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. रेघेच्या दक्षिणेला पूर्वापार नाही. त्यामुळे बीजिंग बाहेर उणे आठ असलं तरी घरात बनियनवर बसता येतं, आणि वुहान, छांगशा, हांगझोऊ, छंगदू इथं तापमान चार-पाच दिसतं पण तेच घरातही. आमचं शीआन रेघेच्या जेमतेम उत्तरेला, छिनलिंग डोंगर खिडकीतून दिसायचे, म्हणून वाचलो. पण हीटिंग सुरू व्हायच्या आधीचे दहा-बारा दिवस विचारू नका, सोलापूरच्या माणसाला थंडी म्हणजे काय माहीत, मी स्वेटर घालून झोपायचो आणि सकाळी त्यातच लेक्चरला. दक्षिणेतली ऑफर असेल तर फ्लॅटमधे गरम हवेचा एसी आहे का आणि वर्गात आहे का, दोन्ही विचारा.

शिवाय मजला कितवा आणि लिफ्ट आहे का, जुन्या सहा मजली इमारतींना बऱ्याचदा नसते. दार किती वाजता बंद होतं. पाहुणे राहू शकतात का. नळाचं पाणी तिथं कुणी तसंच पीत नाही, उकळून किंवा मोठा बाटला मागवून, तर तो बाटला वर कोण आणून देतं तेही विचारा.

हवा म्हणाल तर जुन्या बातम्यांवर जाऊ नका. बीजिंगच्या हवेतल्या बारीक धूलिकणांचं (पीएम २.५) वार्षिक प्रमाण २०१३ ला ८९.५ होतं, २०२४ ला तीसच्या आसपास. शीआनसारख्या ठिकाणी मात्र हिवाळ्यात धुरकं धरतं, दमा असेल तर तुमच्या शहराचे डिसेंबर-जानेवारीचे आकडे बघा, वर्षाची सरासरी नको.

खाणं

कॅन्टीनला 'शीतांग' म्हणतात आणि तिथलं घड्याळ कडक. जेवण साडेअकराला सुरू, एक वाजता गेलात तर ताई टेबलं पुसत असतात. रात्रीचं पाच ते साडेसहा. मधे सगळं कॅम्पस झोपतं, खरंच झोपतं, दुपारची झोप हा तिथं हक्क आहे, त्या वेळात ऑफिसला फोन करू नका. एका जेवणाला साधारण १० ते २० युआन लागतात, माझ्या वेळी युआनचे साधारण बारा रुपये होते.

शाकाहारी असाल तर 'शाकाहारी मिळतं का' असं विचारूच नका, उत्तर 'हो, भरपूर भाज्या' असंच येतं आणि ते खोटंही नसतं. भाज्या ढीगभर असतात, पण फरसबीवर बारीक खिमा भुरभुरवलेला, वांग्यात ऑयस्टर सॉस, तळलेलं कशात तर कधी डुकराच्या चरबीत. त्यांच्या डोक्यात खिमा म्हणजे मांस नाही, चवीला टाकलेलं काहीतरी. म्हणून 'वो छ् सू' (मी शाकाहारी खातो) याच्यापुढे 'बू याओ रोऊमो' (खिमा नको) आणि 'बू याओ झूयोऊ' (चरबी नको) हेही शिकून जा, किंवा चिनीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा. कॅम्पसवर 'छिंगझन' म्हणजे मुस्लिम कॅन्टीन आहे का हे जरूर विचारा, तिथं डुक्कर नसतंच, निम्मी काळजी मिटते. कट्टर जैन पद्धतीचं मात्र स्वतःच करावं लागेल, यात उगाच आशा दाखवत नाही.

आता त्या प्रांतात काय पिकतं ते शोधा, कारण तिथंच तुमची सोय निघते. शीआनकडे गव्हाचा मुलूख. 'लिआंगपी' म्हणून एक प्रकार मिळतो, गार पट्ट्या, त्यावर काकडी, व्हिनेगर आणि लाल तिखट तेल, अंडंसुद्धा नाही त्यात, दोन वर्षांत मी किती खाल्ली असेल हिशोब नाही. सकाळी 'शियाओमी'ची पेज मिळायची, पिवळीधमक, चार दिवस पीत होतो आणि पाचव्या दिवशी ट्यूब पेटली की अरे हे तर राळे, आजी राळ्याचा भात करायची तेच. सिच्वानचा जिभेला झिणझिण्या आणणारा मिरा म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा चुलत भाऊ. आणि ज्वारी! ज्वारी चिक्कार पिकवतात, पण बहुतेक दारूच करतात तिची. सोलापूरकराला यापेक्षा मोठं दुःख नाही. पीठ शेवटी ऑनलाइन सापडलं, 'गाओलिआंग' नावाने, भाकरी थापली तर कडेने फाटली, पण खाल्ली.

हिरवे मूग, शेंगदाणे, कोथिंबीर, आलं-लसूण, टोफू सगळं कोपऱ्यावर मिळतं. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला नाही. शांघाय, ग्वांगझोऊ, यीवू, आणि शाओशिंगजवळचं कापडबाजाराचं खछियाओ इथं भारतीय व्यापारी बरेच, त्यामुळे दुकानं आणि हॉटेलं आहेत, तिथून कुरियरने मागवता येतं. जाताना दूध-तूप-पनीर, मांस, ताजी फळं-भाज्या, बी-बियाणं बॅगेत टाकू नका, कस्टमला चालत नाही. कोरडे मसाले आणि चटण्यांची सोय आधी करा, कपडे तिथं स्वस्त आहेत.

फोन आणि पैसे, म्हणजे खरी डोकेदुखी

भारतीय माणसाची इथं दोन्हीकडून कोंडी. तिकडे गुगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टा बंद. इकडे आपल्या सरकारने जून २०२० मधे ५९ अ‍ॅप बंद केली त्यात वीचॅट, आणि त्याच सप्टेंबरातल्या यादीत अलीपे, म्हणजे तिथलं पैसे द्यायचं दुसरं मोठं साधन. आणि चीनमधे वीचॅटशिवाय माणूस म्हणजे आपल्याकडे आधार, यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही नसलेला माणूस. डिपार्टमेंटचे निरोप त्यावर, विद्यार्थ्यांचे ग्रुप त्यावर, भाजीवाली पण त्याचाच कोड लावून बसलेली.

मग करायचं काय, तर क्रमाने सांगतो:

१. जायच्या आधी बँका, युनिव्हर्सिटी, घरचे सगळ्यांना चालेल असा आउटलुकचा मेल काढा. जीमेलवर आलेलं कागदपत्र तिथं उघडायला गेलात की फसलात. डिग्र्या, पासपोर्ट, करार सगळं फोनमधे उतरवून घ्या.

२. भारतातलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगसकट चालू ठेवा. एकतर बँकेचे ओटीपी त्यावर येतात, दुसरं म्हणजे रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरतो. पहिले काही दिवस हाच आधार. व्हीपीएनबद्दल, म्हणजे बंद साइट आडवाटेने उघडण्याबद्दल, सगळे विचारतात. तिथला कायदा फक्त परवानगीवाल्या जोडण्यांना मान्यता देतो, त्यामुळे युनिव्हर्सिटी संशोधनासाठी अधिकृत काही देते का ते विचारा, मी सल्ला देणार नाही.

३. वीचॅट आणि अलीपे भारताबाहेर पडल्यावरच घ्यायचं. नवं वीचॅट खातं उघडताना जुन्या वापरकर्त्याने तुमच्यासाठी कोड स्कॅन करावा लागू शकतो, म्हणून घ्यायला येणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

४. रूपे कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. व्हिसा किंवा मास्टरकार्ड, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं. जुलै २०२३ पासून परदेशी कार्ड अलीपे-वीचॅटला जोडणं सोपं झालंय, २०० युआनच्या वरच्या खरेदीवर ३ टक्के लागतात, पगाराचं खातं निघेपर्यंत खपवून घ्या.

आणि आता नावाचं प्रकरण, हे तुम्हाला कुणीच सांगणार नाही. आपलं नाव तीन भागांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं नाव-वडिलांचं नाव एका रकान्यात. चिनी कॉम्प्युटरला ही लांबण झेपत नाही. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने माझं आडनाव आधी घातलं, मधे मोकळी जागा सोडून. बँकेतल्या बाईंनी आडनाव शेवटी घातलं, सगळं एकत्र चिकटवून. मग वीचॅटला बँकेचं कार्ड जोडायला गेलो तर 'माहिती जुळत नाही'. तीन दिवस, चार फेऱ्या, आणि सगळ्या कागदांवर मीच तो. त्यामुळे वर्क परमिटवर जसं नाव छापलंय, त्याच क्रमात आणि त्याच मोकळ्या जागांसकट, त्याचा फोटो फोनमधे ठेवा आणि प्रत्येक काउंटरवर टाइप करायच्या आधी समोर धरा. स्क्रीन फिरवून दाखवायला सांगा, लाजू नका.

कागदपत्रं

हे थोडक्यात, कारण यादी तुमची युनिव्हर्सिटी देईलच. साधारण नियम असा की पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, वय साठच्या आत. इंग्रजी भाषा शिकवायला सहसा अमेरिका, ब्रिटन वगैरे देशांचा पासपोर्ट मागतात, त्यामुळे आपल्याला संधी विषयात (कॉम्प्युटर, इंजिनीअरिंग, मेडिकल) नाहीतर हिंदी विभागात. कुणी एजंट 'बिझनेस व्हिसावर या, मग बदलू' म्हणाला तर फोन ठेवा. आधी वर्क परमिटचं पत्र, मग झेड (म्हणजे नोकरीचा) व्हिसा, मग चीनमधे पोचल्यावर २४ तासांत पोलीस चौकीत नोंदणी आणि ३० दिवसांत रेसिडन्स परमिटचा अर्ज. त्या अर्जाच्या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे काही दिवस अडकतो, तेव्हाची भटकंती ठरवू नका.

एक खास भारतीय मुद्दा: चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून एपोस्टिल करारात आला (या करारातल्या देशांत कागदांवर एकच शिक्का पुरतो), म्हणून इंग्रजी माहितीत सगळीकडे 'एपोस्टिल करा' लिहिलेलं असतं. भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू नाही. आपल्याला जुनाच रस्ता, राज्य पातळीवरचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वकिलात, म्हणजे वेळ जास्त धरा. पोलीस क्लिअरन्स मात्र खूप लवकर काढून ठेवू नका, त्याची मुदत संपते. मेडिकलवर इथं पैसे घालण्याआधीही विचारा, बऱ्याचदा तिथं गेल्यावर परत रक्त-एक्सरे करायला लावतात.

करार वाचताना

पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा पगार १० महिन्यांचा की १२. सेमिस्टर सप्टेंबर ते जानेवारी मध्य, मग वसंतोत्सवाची (चिनी नववर्षाची) लांब सुट्टी, मग फेब्रुवारी शेवट ते जुलै सुरुवात. दहा महिन्यांच्या करारात उन्हाळा तुमच्या खिशातून. 'आठवड्याला १६ तास' म्हणजे ४५ मिनिटांचे तास की साठचे, आणि ऑफिसात बसायचे तास वेगळे का? मला बारा म्हणाले होते, पेपर तपासणं आणि 'इंग्लिश कॉर्नर' (मुलांशी इंग्रजीत गप्पा) धरून सोळाच्या वर गेले. सुट्ट्यांची भरपाई शनिवार-रविवारी लेक्चर घेऊन करायची पद्धत आहे, ऑक्टोबरचा आठवडा मोकळा मिळाला म्हणून नाचू नका.

आकडा कर कापून की आधीचा? महिन्याला ५००० युआनची मूळ वजावट असते, आणि घरभाडं, मायदेशाचं तिकीट अशा काही गोष्टींची बिलं दाखवून परदेशी माणसाला मिळणारी करसवलत २०२७ च्या शेवटापर्यंत आहे, ती युनिव्हर्सिटीचा अकाउंट विभाग देतो का ते विचारा. २०११ पासून परदेशी नोकरदारांनाही सामाजिक विम्यात धरतात, अंमल शहराशहरात वेगळा. कापत असतील तर पेन्शनच्या तुमच्या वैयक्तिक खात्यातली रक्कम देश सोडताना काढता येते, सोडू नका. कराच्या पावत्या दर महिन्याच्या जपा, पगार भारतात पाठवताना बँक मागते. आणि नोकरी सोडताना रिलीज लेटर आणि परमिट रद्द केल्याचा कागद किती दिवसांत देणार हे करारात लिहून घ्या, त्याच्याशिवाय दुसरी नोकरी लागत नाही. एका ओळखीच्या बाईंचा तो कागद एका कॉलेजने महिनाभर अडवून ठेवला होता.

माणसांना काय विचारायचं

परदेशी शिक्षकांचं काम बघणारं ऑफिस म्हणजे 'वायबान'. तिथली मुलगी बहुतेक तुमची सगळ्यात मोठी मदतनीस ठरेल, पण ती 'इथं सगळं छान आहे' याच्या पलीकडे लिहिणार नाही. तिच्याकडे दोन नंबर मागा: आत्ता शिकवतोय असा एक, आणि सोडून गेलेला एक. दुसरा द्यायला काचकूच केली तर तेही उत्तरच समजा. बोलणं मेलवर किंवा टीम्सवर करा, दोन्हीकडे चालतं.

'कसं आहे तिथं?' असं विचारलं तर 'ओके' असं उत्तर येतं. मी आता लोकांना हे प्रश्न देतो: काल दुपारी काय जेवलात आणि कुठे? शेवटचं आजारी पडलात तेव्हा कुठल्या हॉस्पिटलात गेलात, सोबत कोण आलं? पगार कितव्या तारखेला जमा झाला, गेले तीन महिने? सेमिस्टरचं टाइमटेबल तुम्हाला किती दिवस आधी मिळालं? (मला चार दिवस आधी.)

हॉस्पिटलबद्दल जास्तीचं एवढंच की तिथं फॅमिली डॉक्टर नावाची गोष्ट विसरा, सर्दीलाही मोठ्या हॉस्पिटलात जाऊन 'ग्वाहाओ' म्हणजे नंबर काढायचा, आधी पैसे मग तपासणी. रोजच्या गोळ्यांची मूळ औषधाच्या नावाची चिठ्ठी डॉक्टरकडून इंग्रजीत घ्या, ब्रँडची नावं तिथं कुणाला कळत नाहीत.

कुटुंब नेणार असाल तर जोडीदाराला मिळणाऱ्या एस-वन व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि इंटरनॅशनल शाळेच्या फीने तुमचा पगार संपू शकतो, हा हिशोब हो म्हणायच्या आधी करा. विमानाचं आता बरं आहे, २०२० पासून बंद असलेली थेट उड्डाणं ऑक्टोबर २०२५ मधे कोलकाता-ग्वांगझोऊने परत सुरू झाली, आम्ही बँकॉकला बाकड्यावर नऊ तास काढायचो.

सीमावादाचा, तैवानचा विषय वर्गात काढू नका, विद्यार्थ्यांनी काढला तर हसून पुढच्या स्लाइडवर जा. लोक वाईट नाहीत. आमच्या बिल्डिंगचे वॉचमन काका, पासष्टीचे, मी भारतातला कळल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाले 'ख दीहुआ'. मला कळेना. मग फोनवर फोटो काढून दाखवला, आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जपानशी युद्ध चालू असताना चिनी जखमींवर उपचार करायला १९३८ ला गेलेले, १९४२ ला तिथंच वारलेले. मी त्याच गावचा, सोलापूरचा, हे मोडक्या चिनीत सांगितल्यावर काकांनी थर्मासमधलं गरम पाणी माझ्या कपात ओतलं, आणि त्यानंतर रात्री अकराला पाच-दहा मिनिटं उशीर झाला तरी दार उघडायचे.